गुलाबी बोंडअळी: ॲरिझोनात आणि विदर्भात

विष तेच, अळीही तीच. ॲरिझोनात बीटी कपाशी, म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारी कपाशी, १९९६ ला आली. तिथे शेजारी साधी कपाशी राखली. तिच्यावरचे, विष न पचणारे पतंग विष पचवणाऱ्या पतंगांशी जुळले, की त्यांची पिल्लं बीटी खाऊन मरत. २००६ पासून वांझ पतंगही सोडले. २०१८ ला अमेरिकेने अळी संपल्याचं जाहीर केलं.

आपल्याकडे बीटी २००२ ची. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबतचं १२० ग्रॅम साधं बियाणं बहुतेकांनी पेरलंच नाही. (अळीसाठी चारा कोण पेरणार?) वर फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक शेतात उभंच. विष पचवणाऱ्याच अळ्या उरल्या, सोयरीकही त्यांच्यातच. नकळत आपणच त्यांची निवडक पैदास केली. २०१७ ला विदर्भात बोंड फोडलं, की आत अळी आणि पिवळी कवडी, म्हणजे किडून कडक झालेला कापूस.