गिटारच्या पिकगार्डसाठी इंकस्केप आणि फ्रीकॅड: काही महिन्यांच्या वापरानंतर

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगतो. पिकगार्डची, म्हणजे गिटारच्या बॉडीवर तारांखाली स्क्रूने बसणाऱ्या प्लास्टिकच्या प्लेटची, बाहेरची रेघ काढायला इंकस्केप हा चित्रं काढायचा प्रोग्रॅम उत्तम. त्यातली भोकं बसवायला मात्र मापांवर चालणारा फ्रीकॅडच. तयार फाइल मग दुकानात लेझरने कापून घ्यायची. दोन्ही फुकट आहेत आणि माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर कुरकुर न करता चालतात. पावसाळ्याच्या आधी हे काम हाती घेतलं. आता थंडी संपत आलीय, प्लेट गिटारवर आहे आणि गिटार रोज वाजतेय.

गिटार सेकंडहँड, स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराची कॉपी. तिचे तीन पिकअप (तारांचा आवाज पकडणारे भाग) काढून फक्त ब्रिजपाशी एक हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) आणि एक व्हॉल्यूम ठेवायचा होता. अशी तयार प्लेट मिळते, पण ती माझ्या गिटारवर बसत नाही. खऱ्या स्ट्रॅटच्या प्लेटलाही एकच नमुना नाही. १९५४ च्या मूळ प्लेटला एकच थर आणि ८ स्क्रू होते. १९५९ पासून तीन थरांची, ११ भोकांची प्लेट आली. बाजारातल्या बहुतेक प्लेट या दोनपैकी एका नमुन्यावर कापतात आणि कॉपी गिटार बनवणारे दोन्हींच्या जवळपास कुठेतरी स्क्रू मारतात. दोन-तीन भोकं जुळतात, चौथं दीड मिलिमीटर सरकलेलं निघतं. नेटवरून उतरवलेल्या टेम्प्लेटचंही तेच. ते कुणाच्या तरी गिटारचं माप असतं, आपल्या नव्हे.

जुन्या प्लेटचा मोबाइलवर फोटो काढून ट्रेस करायचा मोह सगळ्यांनाच होतो. जवळून काढलेल्या फोटोत लेन्स कडा फुगवते, आणि फोन जरासा कलला तरी प्लेटचं एक टोक दुसऱ्यापेक्षा मोठं येतं. त्यापेक्षा स्कॅनर बरा. ए-फोर काचेवर अख्खी प्लेट मावत नाही, म्हणून दोन तुकड्यांत स्कॅन करायचं आणि प्रत्येक तुकड्यात एक स्टीलची पट्टी आडवी, एक उभी ठेवायची. स्कॅनरचा डोळा ज्या दिशेने सरकतो त्या दिशेचं माप कधी कधी किंचित वेगळं येतं. दोन पट्ट्या असल्या की ते लगेच कळतं आणि दुरुस्त करता येतं.

इंकस्केपमध्ये चित्र आणलं की 'ट्रेस बिटमॅप'कडे बोट जातंच. तिथून जो हाती येतो तो शेकडो नोडचा (रेघेवरच्या बिंदूंचा) कातरलेला काठ असतो, आणि बऱ्याचदा एकाच रेघेच्या दोन्ही बाजू वेगळ्या धरलेल्या असतात. लेझर मग त्याच जागी दोनदा फिरतो आणि कड करपते. हाताने पेन टूल घेऊन, वळण जिथे सुरू होतं आणि जिथे बदलतं तिथेच नोड दिले, तर पूर्ण काठ पंचवीस-तीस नोडमध्ये बसतो. खालचा शिंगाजवळचा वळसा सोडला तर वेळही फार लागत नाही. इथे इंकस्केपला तोड नाही. वक्ररेषा ओढायची, बघायची, पुन्हा ओढायची. डोळ्याला पटली की झालं, कारण बाहेरच्या काठात अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे कुणाला दिसत नाही.

एक सेटिंग मात्र पहिल्याच दिवशी बदलून टाका. इंकस्केप मुळात वस्तूचं माप रेघेच्या जाडीसकट दाखवतं. ३०० मिलिमीटरचा चौकोन अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेने काढला तर वर ३००.५ दिसतं. प्रेफरन्सेसमध्ये टूल्सखाली 'जिऑमेट्रिक बाउंडिंग बॉक्स' निवडलं की खरं माप दिसू लागतं. ही गोष्ट मुळातच अशी का ठेवलीय हे कोडं आहे. चित्रकारांसाठी असेल, आपल्यासाठी नक्कीच नाही.

आता भोकं. सगळी गंमत आणि सगळी डोकेदुखी इथेच आहे. पिकगार्डमधल्या काही जागा दुसऱ्या कशाशी तरी बांधलेल्या असतात: स्क्रूची भोकं बॉडीतल्या लाकडाशी, पिकअप तारांशी, पॉट (व्हॉल्यूमच्या नॉबखालचा भाग) आतल्या पोकळीशी. म्हणून जुन्या प्लेटवरून नाही, थेट गिटारवरून मापं घ्यायची. प्लेट काढून बॉडीवर पांढरा कागद चिकटवतो आणि लहानपणी नाण्यावर कागद ठेवून घासायचो तशी आडवी पेन्सिल फिरवतो. भोकं, पोकळीची कड, नेकचा खाचा, सगळं उमटतं. हा फक्त नकाशा. माप व्हर्नियरनेच घ्यायचं.

दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर सरळ मोजता येत नाही, कारण केंद्रात काहीच नसतं. आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत एक माप, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत दुसरं, दोन्हींची बेरीज करून निम्मी केली की केंद्रांतलं अंतर. जुन्या लाकडात भोकांच्या कडा खाल्लेल्या असतात. तिथे स्क्रू अर्धवट पिळून त्यांच्या दांड्यांवरून हेच करायचं.

मग दोन पक्के बिंदू धरायचे. मी ब्रिजचे दोन टोकांचे स्क्रू धरले. प्रत्येक भोकाचं या दोन्ही बिंदूंपासून अंतर मोजलं आणि फ्रीकॅडच्या स्केचरमध्ये (रेखाकृती काढायच्या भागात) तशीच दोन-दोन बंधनं, म्हणजे ठरलेली अंतरं, घातली. दोन अंतरं आणि बाजू ठरली की भोकाला हलायला जागाच उरत नाही. सगळी बंधनं पुरी झाली की स्केच हिरवं होतं, आणि तो हिरवा रंग बघायची चटक लागते. त्याहून उपयोगाची सोय म्हणजे 'रेफरन्स' माप. दोन शेजारच्या भोकांमधलं अंतर वेगळं मोजून ठेवायचं आणि स्केचमध्ये ते बंधन म्हणून न घालता नुसतं वाचायचं. व्हर्नियर ६२.० म्हणतंय आणि स्केच ६२.४ दाखवतंय, तर कुठलंतरी माप पुन्हा घ्यायला हवं. फाइल स्वतःच मोजणाऱ्याची चूक पकडते. इंकस्केपमध्ये वर्तुळ कुठेही ठेवा, ते निमूट बसतं.

हंबकरची जागा मी मध्यरेषेवरून ठरवली. नटवर (नेकच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर) पहिल्या आणि सहाव्या तारेच्या मधोमध एक बिंदू, ब्रिजवर तसाच दुसरा. पिकअप या रेषेवर सरळ. बाहेरच्या दोन पोलपीसमधलं (पिकअपवर तारांखाली येणाऱ्या खिळ्यांमधलं) अंतर साध्या हंबकरमध्ये ५० मिलिमीटरच्या आसपास असतं, रुंद प्रकारात ५३ च्या आसपास. स्ट्रॅटसारख्या ब्रिजला रुंद प्रकार नीट बसतो. पॉटचं भोक विकत घेतलेला पॉट हातात आल्यावरच ठरवा. छोट्या मेट्रिक पॉटची मान ७ मिलिमीटरची असते, मोठ्या अमेरिकन पॉटची ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ. फ्रीकॅडमध्ये हा आकडा स्प्रेडशीटच्या एका घरात ठेवलाय. पॉट बदलला की घर बदलायचं.

फ्रीकॅडबद्दल तक्रार नाही असं नाही. पहिले दोन आठवडे कुठलं बटण कुठल्या वर्कबेंचमध्ये (टूलच्या गटात) आहे हे शोधण्यात जातात. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीने बरंच सुधारलंय, तरी नवख्याला धीर हवाच. आणि बाहेरच्या काठासारखी मोकळी वक्ररेषा स्केचरमध्ये काढणं म्हणजे शिक्षा. म्हणून काठ इंकस्केपचा, भोकं फ्रीकॅडची, आणि शेवटी दोन्ही इंकस्केपमध्ये ब्रिजच्या त्या दोन बिंदूंवर जुळवायची.

फाइल दुकानात नेल्यावर पहिला प्रश्न येतो, "सर, सीडीआर आहे का?" आपल्याकडे लेझर कटिंग करणारे बहुतेक लोक नेमप्लेट आणि ट्रॉफीच्या धंद्यातले. त्यांचं जग कोरलड्रॉमध्ये आहे आणि सीडीआर ही त्याचीच फाइल. इंकस्केपची एसव्हीजी फाइल दिली तर माप बदलण्याची भीती असते. इंकस्केपने २०१७ मध्ये ०.९२ आवृत्तीत एका इंचातले पिक्सेल ९० वरून ९६ केले, आणि काही प्रोग्रॅम अजून ७२ धरतात. २८० मिलिमीटरची प्लेट मग ९० धरणाऱ्याकडे २९९ ची होते आणि ७२ धरणाऱ्याकडे ३७३ ची. डीएक्सएफ (कॅडमधली फाइल) जास्त भरवशाची, पण एक्स्पोर्ट करताना एकक मिलिमीटर निवडायचं. मी प्लेटच्या बाहेर, वेगळ्या रंगात, १०० मिलिमीटरचा एक चौकोन ठेवतो आणि ऑपरेटरला सांगतो, "दादा, आधी हा मोजा." एका दुकानात तो ९४ च्या आसपास निघाला. शीट वाया जायची वाचली.

त्याही आधी कागदावर छापून बघा. झेरॉक्सवाल्याला 'अॅक्च्युअल साइझ' असं दोनदा सांगा, नाहीतर तो सवयीने 'फिट टू पेज' दाबतो. छापलेल्या कागदावर २०० मिलिमीटरची रेघ आडवी-उभी मोजा, कारण लेझर प्रिंटरच्या उष्णतेने कागद जरा आक्रसतो. मग तो कागद जुन्या लग्नपत्रिकांवर चिकटवून कापायचा. इतका चांगला पुठ्ठा दुसरीकडे फुकट मिळत नाही. खात्री झाली की आधी एमडीएफमध्ये एक नमुना, मग अॅक्रिलिक.

लेझर स्वतः थोडं मटेरियल खातो, ३ मिलिमीटर अॅक्रिलिकमध्ये साधारण ०.२. भोक तेवढं मोठं होतं, काठ तेवढा आत येतो. पिकगार्डला यामुळे काही बिघडत नाही. फक्त पिकअपची खिडकी घट्ट हवी असेल तर रेघ ०.१ ने आत घ्यायची.

एक गोष्ट ठासून सांगतो: कारखान्यातून येणाऱ्या बऱ्याच तीन थरांच्या शीट पीव्हीसीच्या असतात. त्या लेझरवर घालायच्या नाहीत. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड निघतो. तो फुप्फुसांना वाईट आणि मशीनही गंजवतो. दुकानदार नको म्हणाला तर तो शहाणा आहे. पीव्हीसी हवं असेल तर सीएनसी राउटर, म्हणजे संगणकावर चालणारं, फिरत्या बिटने कापणारं मशीन. तिथे ३ मिलिमीटरच्या बिटने आतल्या कोपऱ्यात दीड मिलिमीटरची गोलाई येणारच, ती फाइलमध्येच काढून ठेवा. कडेचा तिरपा उतारही राउटरनेच होतो. माझ्या अॅक्रिलिकला तो नाही. काठ सरळ उभा आहे आणि सुरुवातीला मनगटाला जाणवायचा. बारीक पॉलिशपेपरने धार घासून बोथट केली.

प्लेट काळ्या कास्ट अॅक्रिलिकची, ३ मिलिमीटर. मूळची सुमारे २.३ होती. हा पाऊण मिलिमीटरचा फरक एकाच ठिकाणी नडू शकतो: २२ फ्रेटच्या नेकचा फिंगरबोर्ड पिकगार्डवर पुढे आलेला असतो आणि जाड प्लेट त्याच्याखाली शिरत नाही. माझी नेक २१ फ्रेटची, म्हणून निभावलं. स्क्रूच्या २.९ मिलिमीटर दांड्याला ३.५ चं भोक ठेवलं. अॅक्रिलिक उन्हात फुगतं, वीस अंशांच्या फरकाला २८० मिलिमीटरच्या तुकड्यात जवळपास ०.४ मिलिमीटर. पावसाळ्यात लाकूडही फुगतं. भोक तंतोतंत ठेवलं असतं तर तिथून चीर गेली असती. आजवर एकही चीर नाही.

ओरखडे मात्र भरपूर आहेत. काळं चकचकीत अॅक्रिलिक पिकचा प्रत्येक फटका लक्षात ठेवतं. पुसायला ओलं मऊ फडकं बास. स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल नको, लेझरने कापलेल्या कडांमध्ये ताण असतो आणि अल्कोहोल लागलं की तिथे केसासारख्या भेगा पडतात. कोरड्या थंडीत प्लेटवर हात घासला की अॅम्पमधून चटचट यायची. मागे अॅल्युमिनियम फॉइल लावून ते पॉटच्या अर्थिंगला जोडलं, तेव्हापासून शांत आहे.

नाशिकच्या एका मित्राकडे याच ब्रँडची गिटार आहे. माझी फाइल त्याने मागितली. पाठवण्याआधी त्याला दोन भोकांमधलं अंतर मोजायला लावलं, तर ते माझ्यापेक्षा १.२ मिलिमीटरने वेगळं निघालं. आता तो कागद आणि पेन्सिल घेऊन बसलाय. पॉट मोठा घेतलाय, म्हणून स्प्रेडशीटमधलं ते घर मी ९.८ करून ठेवलंय. बाकीची मापं त्याने पाठवायची आहेत.