जांगडावर दिलेली माळ परत आली, पण मणी बदलून

जुन्या मण्यांच्या धंद्यात माल बहुतेक जांगडावर फिरतो. विकला गेला तर पैसे, नाही तर माल परत. हिऱ्यांच्या बाजारातही हीच रीत आहे, पण तिथे चिठ्ठीवर वजन लिहिल्याशिवाय कोणी पुडी हातात देत नाही. आमच्या चिठ्ठीवर असतं, ‘नागा माळ, शंख-अकीक, नग १’. कायदेशीर बघायला गेलं तर मला नग १ परत मिळाला आहे. त्यातले चांगले मणी मात्र गेले.

माळ कशी होती ते आधी सांगते, कारण लबाडी तिच्या घडणीतच लपते. ईशान्येच्या नागा टेकड्यांत शंखही नाही आणि अकीक हा दगडही नाही. शंख दक्षिणेच्या समुद्रातला, बंगालमार्गे वर पोचलेला. अकीक गुजरातेतला, रतनपूरच्या खाणीतून खंभातला येऊन भाजलेला, घासलेला. भाजल्यावर दगडातल्या लोहामुळे तपकिरीचा लाल होतो. माझी माळ पाच पदरी होती. शंखाच्या मधल्या दांड्यातून कापलेले लांबट मणी, त्यांच्या मधे मधे सहा पैलूंचे बोटाच्या पेराएवढे अकीक, पदर एकमेकांत गुंतू नयेत म्हणून हाडाच्या पट्ट्या आणि मागे अडकवायला भोक पाडलेलं जुनं नाणं. दीमापूरच्या ओळखीच्या बाईंकडून पावतीसह घेतलेली. किंमत आम्ही ४५ हजार धरली होती.

ज्याला दिली तो गोव्यात किनाऱ्यालगत हंगामापुरतं दुकान मांडतो. त्याच्याशी आधीचे व्यवहार चोख झाले होते. पर्यटक ओसरले आणि पार्सल आलं, पाठोपाठ फोन. ‘ताई, माळ नाही गेली. एका गिऱ्हाइकाने घालून बघताना दोरा तुटला, कुजलाच होता तो. पण मी चांगल्या कारागिराकडून परत गाठवून घेतलीय. त्याचे पैसे नकोत हां.’

हे ‘पैसे नकोत’ ऐकून कोणालाही बरंच वाटेल. पण दोरा तुटला म्हणजे सगळे मणी सुटे झाले, आणि ते कुणाच्या टेबलावर सुटे झाले, शेजारी आणखी कसले मणी पडले होते, हे आपल्याला कधीच कळत नाही. आमच्या पटवेकऱ्याकडे मी अशी माळ गाठवायला नेते, तेव्हा समोर बसून राहते. तो वैतागतो, पण बसू देतो.

वजन केलं. तीन-चार ग्रॅमचा फरक, तो दोऱ्याचाही असू शकतो. मणी गालाला लावले, गार. अकीकावर सुरीने ओरखडा उठेना. इंटरनेटवर सांगतात त्या सगळ्या चाचण्यांत माळ पास झाली, कारण त्या चाचण्या प्लास्टिक आणि काच पकडण्यासाठी आहेत. याने खऱ्याच्या जागी खरंच घातलं होतं. जुना अकीक काढून नवा खंभाती अकीक. दगड तोच, घनता तीच, लाल रंगही जवळपास तोच. बदललेला असतो तो फक्त वापर, आणि पैसे त्या वापराचेच असतात.

शंका आली ती आवाजाने. माळ उचलली की जुने मणी एकमेकांत बसलेले असतात, फार हलत नाहीत. ही खडखडत होती. भिंग घेऊन बसले. शंख मऊ, अकीक त्याच्याहून खूप कठीण. वर्षानुवर्षं शेजारी राहिले की अकीक शंखाच्या टोकाला घासून तिथे उथळ वाटी पाडतो. माझ्या शंखमण्यांच्या टोकांना त्या वाट्या जशाच्या तशा होत्या, पण त्यात आता जो अकीक टेकला होता तो वाटीपेक्षा रुंद होता आणि त्याच्या भोकाची कड ब्लेडसारखी धारदार होती. जुन्या मण्याची कड दोऱ्याने झिजून गोल, गुळगुळीत होते. जुनं भोक दोन्ही टोकांकडून पाडलेलं असतं, त्यामुळे उजेडात धरलं की मधे कुठेतरी किंचित पायरी दिसते. यांची भोकं नळीसारखी सरळ आणि आतून पांढुरकी. लांब अकीकांपैकी फक्त दोन जुने उरले होते, दोन्ही पुढच्या पदरात, नेमके नजर जाते तिथे.

काही शंखही बदलले होते. जुना शंख मानेला लागतो त्या बाजूने पिवळा पडतो, दुसऱ्या बाजूने कमी. चहाच्या पाण्यात उकळलेला सगळीकडून सारखाच पिवळा दिसतो. दोन मण्यांवर तर भिंगातून बारीक ठिपके दिसले, म्हणजे ते शंख नव्हतेच, हाड होतं.

फोन केला तर म्हणाला, ‘दगड खरा आहे ना? कुठल्याही लॅबमध्ये दाखवा.’ दाखवला. अहवालात आलं, नैसर्गिक कार्नेलियन, म्हणजे लाल अकीकच. बरोबरच आहे. रत्नपरीक्षेची लॅब दगड कोणता ते सांगते, मणी कधी घडला ते नाही. पुढच्या फोनवर त्याचा सूर बदलला. ‘तुम्ही शंभर वर्षं जुनी म्हणून विकत होता ना? मग तुमचं लायसन दाखवा.’ १९७२च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरच्या वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि त्या खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मी ती माळ पन्नास-साठ वर्षांचीच सांगितली होती, आणि तसं चॅटमध्ये लिहिलेलंही होतं, म्हणून त्या धमकीत दम नव्हता. पण ‘अँटिक’ शब्द सढळ हाताने वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. याच भीतीने कितीतरी लोक तक्रारच करत नाहीत.

मी केली. आता भारतीय न्याय संहितेत विश्वासघाताला कलम ३१६ आहे, फसवणुकीला ३१८. हवालदारांनी आधीचा फोटो आणि आत्ताची माळ शेजारी ठेवून शांतपणे विचारलं, ‘मॅडम, यात फरक काय?’ आधीचा फोटो माळ मांडून समोरून काढलेला, विक्रीसाठी. त्यात भोकं कशी दिसणार? अर्ज घेतला आहे, पुढे हललेला नाही.

काढलेल्या मण्यांचं काय होतं तेही सांगते, कारण पुढचा फटका घेणाऱ्याला बसतो. एका जुन्या माळेच्या तीन ‘जुन्या’ माळा होतात. प्रत्येकीत दोन-तीन जुने अकीक पुढे, बाकी भरती. विकणारा स्वतःच भिंग पुढे करतो आणि तेवढेच मणी दाखवतो. तेव्हा मागचे मणी बघायला मागा, मानेजवळचे. आणि ‘मूळ दोरा आहे’ म्हणाला तर टोकाचा एक तंतू मागून घेऊन काडीने जाळा. सुताची राख होते, नायलॉन-पॉलिएस्टरची वितळून गोळी होते. अतिनील टॉर्च असेल तर आणखी सोपं, आजकालचा पांढरा दोरा बहुधा निळा चमकतो.

माझी चिठ्ठी आता पानभर असते. प्रत्येक पदराचे मणी मोजून, लांब मण्यांच्या दोन्ही टोकांचे जवळून फोटो, नाण्यापाशी दोऱ्याला लाखेचं सील, आणि खाली एक ओळ, ‘दोरा तुटल्यास मणी सुटेच परत करावेत, गाठवू नयेत.’ दोघांनी ही ओळ वाचून माल घ्यायचं नाकारलं. त्यांना मी परत विचारलं नाही.

गेलेल्या अकीकांतला एक ओळखता येण्यासारखा आहे. एका टोकाला तिरपा टवका उडालेला, त्यात काळी लाख भरलेली आणि पोटावरून एक पांढरी रेघ आडवी गेलेली. सुटा किंवा एखाद्या माळेत तो कोणी दाखवला, तर विकत घेऊ नका. दोन्ही टोकांचा फोटो काढा आणि मला पाठवा.