बूटस्ट्रॅप अख्खं घ्यायचं, निवडून घ्यायचं की नंतर छाटायचं?

नव्या प्रोजेक्टमध्ये बूटस्ट्रॅप (वेबपानांसाठी तयार सीएसएस आणि जावास्क्रिप्टचा संच) घ्यायचं ठरलं की सीडीएनच्या, म्हणजे अशा फाइली पुरवणाऱ्या बाहेरच्या सर्व्हरच्या, दोन ओळी चिकटवून काम सुरू होतं. किती घ्यायचं हा प्रश्न मग पान जड झाल्यावरच निघतो, आणि तोवर स्क्रीन इतक्या झालेल्या असतात की काही काढायला हात धजावत नाही. म्हणून निवड सुरुवातीलाच करा.

अख्खं घेतलं तर ५.३ आवृत्तीची मिनिफाय केलेली (मोकळ्या जागा काढून आवळलेली) सीएसएस सुमारे २३० केबी भरते आणि पॉपरसकटचं (पॉपर म्हणजे तरंगते मेनू जागेवर बसवणारी लायब्ररी) जावास्क्रिप्ट बंडल सुमारे ८० केबी. जीझिपने दाबल्यावर सीएसएस ३० केबीच्या आसपास येते. ऑफिसातल्या लोकांपुरत्या अंतर्गत फॉर्मसाठी एवढ्यावर वेळ घालवू नये. पण ग्राहक स्वस्त फोनवर अ‍ॅप उघडणार असतील तर हिशोब बदलतो. डाउनलोड लहान असलं तरी ब्राउझरला ती सीएसएस पूर्ण उलगडून वाचावी लागते आणि तोवर पान दिसत नाही. ‘सीडीएनची फाइल दुसऱ्या साइटमुळे कॅशमध्ये (ब्राउझरच्या साठ्यात) असतेच’ हा युक्तिवादही आता चालत नाही. क्रोमने २०२० मध्ये आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये प्रत्येक साइटची कॅश वेगळी केली.

सासमधून (ज्या भाषेत बूटस्ट्रॅपची मूळ सीएसएस लिहिली आहे, त्यातून) निवडक भाग घेणं हा दुसरा मार्ग, आणि मला तो सर्वांत भरवशाचा वाटतो. आधी फंक्शन्स, मग तुमची स्वतःची व्हेरिएबल्स, त्यानंतर बूटस्ट्रॅपची व्हेरिएबल्स, मॅप्स, मिक्सिन्स आणि रूट, या क्रमाने फाइली इम्पोर्ट करायच्या. क्रम चुकला तर तुमचे रंग लागतच नाहीत. पुढे रीबूट, ग्रिड, फॉर्म्स, बटणं असं लागेल ते. इथे एकमेकांवर अवलंबून असलेले भाग सुटतात. मोडल (पानावर उघडणारी छोटी खिडकी) घेतला आणि क्लोजची फाइल विसरलात तर बंद करायच्या बटणावरची फुली गायब होते. ट्रान्झिशन्स वगळलं तर मोबाइलवरचा मेनू मिटतच नाही, कारण कोलॅप्सचे (भाग उघडण्या-मिटण्याचे) नियम त्याच फाइलमध्ये आहेत. हेल्पर्स वगळलं की स्क्रीन रीडरसाठी लपवलेला मजकूर थेट पानावर उमटतो. या चुका लगेच डोळ्यांना दिसतात, हीच या पद्धतीची मोठी जमेची बाजू. त्रास एवढाच की बूटस्ट्रॅप ५.३ अजून जुनं इम्पोर्ट वापरतं आणि डार्ट सास (सासचं सीएसएसमध्ये रूपांतर करणारं साधन) १.८० पासून टर्मिनल इशाऱ्यांनी भरून जातं. बिल्ड थांबत नाही, पण डार्ट सास ३.० मध्ये इम्पोर्ट निघणार आहे, तेव्हा सासची आवृत्ती पक्की करून ठेवा.

तिसरा मार्ग नंतर छाटण्याचा: पर्जसीएसएस हे साधन अख्खी सीएसएस घेतं, तुमच्या टेम्पलेट्समध्ये क्लासची नावं शोधतं आणि न सापडलेले नियम काढून टाकतं. आकार सर्वांत जास्त इथेच घटतो, कारण ढिगाने असलेले युटिलिटी क्लासही (एकेकच काम करणारे छोटे क्लास) छाटले जातात. मात्र ते कोड चालवून पाहत नाही, फक्त मजकूर वाचतं. ऑर्डरच्या स्थितीप्रमाणे बटणाचा रंग ठरतो आणि क्लासचं नाव तुकडे जोडून बनतं, असं असेल तर तो क्लास त्याला सापडणार नाही. मोडलमागचा काळा पडदा तर बूटस्ट्रॅपचं जावास्क्रिप्टच जोडतं, तेव्हा ते क्लास सेफलिस्टमध्ये, म्हणजे ‘काढू नका’च्या यादीत, घालावेच लागतात. छाटणी सहसा फक्त प्रॉडक्शन बिल्डमध्ये होते, म्हणजे तुमच्या मशीनवर सगळं ठीक आणि बिघाड दिसतो तो ग्राहकाला. मजकूर डेटाबेसमधून येत असेल आणि संपादक त्यात स्वतः क्लास टाकत असतील, तर या वाटेला जाऊ नका.

बिल्डची व्यवस्थाच नसेल तर बूटस्ट्रॅपची फक्त ग्रिडची तयार फाइल वेगळी मिळते. लेआउटपुरतं काम असेल तर ती पुरते.

जावास्क्रिप्टचा निर्णय सोपा आहे: बंडलर (फाइली एकत्र बांधणारं साधन) असेल तर प्रत्येक कंपोनंटची फाइल वेगळी इम्पोर्ट करा. ड्रॉपडाउन, टूलटिप आणि पॉपओव्हर सोडले तर कशालाच पॉपर लागत नाही, त्यामुळे फक्त मोडल आणि कोलॅप्स वापरणाऱ्या अ‍ॅपमधून तो पूर्ण जातो. हे करताना लेआउट फाइलमधला सीडीएनचा जुना स्क्रिप्ट टॅग आधी काढा. दोन्ही राहिले तर एका क्लिकवर दोन प्रती धावतात आणि ड्रॉपडाउन उघडल्या क्षणी मिटतो.