पाथे घ्यावी की एडिसन?

ग्रामोफोन अँड टाइपरायटर आणि व्हिक्टर या जुन्या कंपन्यांच्या तबकड्या हाताखालून गेल्या, त्या संगणकावर उतरवायची सवय झाली, की जुन्या ऑपेराच्या नादात पुढचा प्रश्न हाच येतो: फ्रान्सच्या पाथे कंपनीच्या तबकड्या घ्याव्यात, की अमेरिकेतल्या थॉमस एडिसनच्या कंपनीच्या. पाथे आणि एडिसन, दोन्हींच्या तबकड्यांत खाचेचा तळ वर-खाली होतो, त्यामुळे सुईपासून सगळं वेगळं लागतं आणि सुरुवातीला दोन्हींवर खर्च करणं जमतंच असं नाही. मी क्लाउदिया मुत्सिओ या इटालियन ऑपेरा गायिकेच्या ओढीने दोन्हींकडे गेलो. ती पाथेसाठी १९१७-१८ मध्ये गायली आणि एडिसनसाठी १९२० ते १९२५ या काळात. आवाज एकच असल्यामुळे दोन घरांतला फरक कानाला लगेच कळतो.

जोडणीवरून निर्णय घेऊ नका. साधं स्टीरिओ कार्ट्रिज (सुई बसवलेला छोटा भाग) चालतं. दोन्ही चॅनेल वेगळे घ्यायचे, संगणकात एक उलटा करून दुसऱ्यात मिसळायचा, म्हणजे आडवी खरखर बरीचशी जाते आणि उभ्या खाचेतलं गाणं उरतं. पाथेला जाड गोल टोकाची सुई हवी, एडिसनला तिच्यापेक्षा बरीच बारीक. एडिसनची तबकडी पाव इंच जाड असते, तेव्हा सुईचा आर्म तेवढा वर उचलता येतो ना, एवढं पाहून घ्या.

गाण्यांच्या बाबतीत पाथे श्रीमंत आहे, यात वाद नाही. इटालियन गायक कारुसोने १९०३ मध्ये गायलेली तीन सिलिंडर, म्हणजे तबकडीऐवजी मेणाच्या नळकांड्यावर घेतलेली गाणी, पुढे पाथेच्या तबकड्यांवर आली. १९१२ मध्ये पाथेने गुनोचा ऑपेरा ‘रोमिओ ए ज्युलिएत’ जवळजवळ अख्खा मुद्रित केला, इव्हॉन गाल आणि आफ्र यांच्या आवाजात. एडिसनकडे असं काही मिळणार नाही. तिथे गायकांच्या निवडीत खुद्द एडिसनचा शब्द चाले, आणि आवाजातला कंप त्याला खपत नसे.

तरीही माझा हात एडिसनकडेच जातो, आणि त्याचं कारण आहे वेग.

एडिसनच्या तबकडीला मिनिटाला ८० फेरे. ते एकदा लावले की माझं लक्ष गाण्याकडे राहतं. पाथेचं तसं नाही. फ्रान्समधल्या जुन्या, आतून बाहेर वाजणाऱ्या तबकड्या ९० ते १०० च्या दरम्यान कुठेही सापडतात, अमेरिकेतल्या साधारण ८० च्या आसपास. ८० वर पावणेपाच फेऱ्यांचा फरक पडला, की पेटीवरची शेजारची पट्टी लागते. मूळ स्वरलिपीशी ताडून पाहावं, तर त्या काळचे गायक सोयीसाठी अर्धा-एक सूर खाली घेऊन सर्रास गात. शिवाय फ्रान्समध्ये तेव्हा ‘ला’चा सूर सेकंदाला ४३५ कंपनांचा आणि माझी पेटी ४४० ची. शेवटी उरतात ते गाणाऱ्याचे स्वर, आ आणि ए कसे उघडतात ते. वेग चढा असेल तर बाईचा आवाज पातळ, मुलीसारखा होतो. उतरता असेल तर जड आणि दमलेला वाटतो. ही पारख माझ्या कानाची आहे, दुसऱ्याचा कान वेगळं सांगेलही. पण एका बाजूसाठी अख्खी दुपार घालवून संध्याकाळी पुन्हा शंका येते, तेव्हा ऐकण्याची गोडी जाते.

त्यात पाथेची मुद्रणाची रीत. आधी मोठ्या मेणाच्या सिलिंडरवर गाणं, मग पँटोग्राफने, म्हणजे खाच गिरवून नक्कल उतरवणाऱ्या यंत्राने, त्याची तबकडीवर नक्कल. त्या नकलेची घरघर गाण्याखाली राहतेच. ती संगणकातल्या गाळणीने (फिल्टरने) काढली, तर वरचे सूर मोकळे होतात. छातीतल्या, खालच्या सुरांना मात्र माझ्या मते थोडा धक्का बसतो. मुत्सिओच्या गाण्यात तेच तर ऐकायचं असतं! एडिसनवर तिने गायलेलं बेलिनीच्या ‘बियांका ए फेर्नांदो’मधलं ‘सोर्जी ओ पाद्रे’ ऐकलं, तेव्हा तिने श्वास घेतलेलाही कळला.

एडिसन घेताना मात्र जपा. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या तबकड्यांना सुरसुर फार. १९२१ पासून कागदी लेबलं आली, सुरुवात तिथून करा. आणि पाणी अजिबात लावू नका. आतल्या गाभ्याने ओल धरली की कडा फुगून थर सुटतात. पुण्याच्या पावसाळ्यात माझी एक तबकडी अशीच गेली. तेव्हापासून जून ते सप्टेंबर त्या बंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतात. पुसायला अल्कोहोल चालतं, पण तोच बोळा चुकून पाथेच्या लाखेवर फिरवलात तर तबकडी संपलीच समजा.

अख्खे ऑपेरा हवे असतील तर पाथेला पर्याय नाही, खुशाल घ्या. एकेका गळ्याच्या ओढीने निघाला असाल तर आधी एडिसनच्या पाच-सहा मिळवा. मुत्सिओची एक पाथे बाजू मी ७८, ८० आणि ८२ अशा तीन वेगांनी उतरवून ठेवली आहे. तिन्ही फायली अजून ठेवल्यात. गेल्या महिन्यात ८० ची खरी वाटली होती, काल रात्री ७८ ची.