हनीबेरीची जोडी: सास्काटूनच्या अंगणातला काही हंगामांचा अनुभव

हमी फक्त रोप मेल्यास लागू आहे, असे रोपवाटिकेने मला लेखी कळवले, तेव्हा हसावे की चिडावे हेच कळेना. उणे 47 अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी सोसणारे हनीबेरीचे हे निळ्या फळांचे झुडूप कॅनडातल्या सास्काटूनच्या हिवाळ्यात मरणार तरी कसे? माझी तक्रारही रोपे मेल्याची नव्हती. दोन्ही झुडपे जोमाने वाढली होती, मे महिन्यात फिकट पिवळ्या फुलांनी भरून जात होती, आणि जूनच्या अखेरीस त्यांच्यावर जेमतेम मूठभर फळे दिसत होती.

रोपे घेतली 2019 च्या वसंतात. इथल्या अल्कधर्मी मातीत ब्लूबेरी घेण्याचा खटाटोप परवडत नाही, कारण तिला 4.5 ते 5.5 इतका सामू (pH, मातीच्या आम्लतेचे माप) लागतो आणि त्यासाठी दरवर्षी मातीत गंधक घालत बसावे लागते. हनीबेरी 5 पासून 8 पर्यंतच्या सामूत तक्रार न करता वाढते, एवढ्या एकाच गुणावर मी पैसे मोजले. तिच्या परागीभवनासाठी दुसरे वाण लागते, हे विक्रेत्याने स्वतःहून सांगितले आणि बोरिआलिस व टंड्रा अशी ‘जोडी’ हातात ठेवली. नावे वेगळी, लेबले वेगळी, किंमत प्रत्येकी पूर्ण.

या जोडीबद्दल मी जरा विस्ताराने लिहिणार आहे, कारण बाकी सारे दोष मिळूनही या एका गोष्टीइतका मनस्ताप देत नाहीत. बोरिआलिस आणि टंड्रा ही दोन्ही वाणे इथल्याच सस्कॅचेवान विद्यापीठाने 2007 मध्ये प्रसारित केली, आणि ती एकमेकांच्या इतक्या जवळच्या नात्यातली आहेत की एकाचा पराग दुसऱ्याला चालत नाही. इंडिगो मालिकेतली वाणेही त्याच गोतावळ्यातली. म्हणजे ज्याला जोडी म्हणून विकले गेले तो सगोत्र विवाह होता आणि तो निष्फळ ठरणार हे झाडांच्या वंशावळीतच लिहिलेले होते. विद्यापीठाच्या माहितीत हे स्पष्ट दिलेले आहे. लेबलावर मात्र ‘दुसरे वाण जवळ लावावे’ एवढेच मोघम वाक्य होते. रोपवाटिकेशी झालेल्या पत्रव्यवहारात मी ही माहिती जोडली, त्यावर फळधारणा हवामानावर अवलंबून असते असे उत्तर आले, आणि शेवटी हमीची ती अट. हवामानाचे कारण तर मला मुळीच पटले नाही. हनीबेरीचे उमललेले फूल उणे 7 अंशांपर्यंतचा कडाका सहन करते, आणि इतर मधमाश्या घरट्यात बसलेल्या असतात तेव्हाही बंबलबी या जाड्या केसाळ माश्यांच्या राण्या या फुलांवर फिरताना मला दिसत होत्या.

परतफेड मिळाली नाही. दुसऱ्या ठिकाणाहून ऑरोराचे एक रोप आणले आणि दोन्ही झुडपांच्या मधोमध लावले. रशियन आणि जपानी वाणांच्या संकरातून तयार झालेले हे वाण त्या दोघांच्याच सुमारास फुलते आणि दोघांनाही चालते. पैसे पुन्हा गेले म्हणून त्या दिवशी मी हनीबेरीला पाचपैकी एक तारा देऊन मोकळा झालो असतो. आता तसे करवत नाही. ऑरोरा फुलू लागल्यावर पहिल्याच हंगामात बोरिआलिसच्या फांद्या वाकल्या, आणि त्यानंतर दरवर्षी उत्पन्न वाढतच गेले आहे. पूर्ण वाढलेल्या झुडपाला तीन-चार किलो फळे लागतात असे सांगतात, माझी झुडपे तिथवर पोचलेली नाहीत, परंतु घरात खाऊन उरेल आणि शीतपेटीतही जागा अडवेल इतके फळ निघते.

फळाबद्दल एक गोष्ट नव्या माणसाला कुणी सांगत नाही. ते निळे होते तेव्हा पिकलेले नसते. साल निळी-जांभळी झाल्यावरही आतला गर हिरवट असतो आणि अशा वेळी तोंडात टाकलेले फळ इतके आंबट लागते की पाहुणे पुन्हा हात लावत नाहीत. फळ मधोमध तोडून आत गडद लाल रंग भरला आहे की नाही ते पाहावे, आणि भरला नसेल तर आणखी आठवडा-दोन आठवडे थांबावे. पिकलेल्या फळाची चव आंबटगोड, रास्पबेरीकडे झुकणारी आणि मागे किंचित तुरट अशी असते. साल इतकी पातळ की दह्यात मिसळल्यावर तिचा मागमूस राहत नाही. म्हणूनच आमच्या घरी तिचे श्रीखंड गाळणीवाचून होते, आणि मुरांब्यात साखर नेहमीपेक्षा जास्त घालावी लागते. कपड्यांवर पडलेला डाग मात्र निघत नाही, तेव्हा तोडणीला जुने कपडे घालावेत.

वाणांमधला फरक बागेत लगेच जाणवतो. टंड्राचे फळ घट्ट, यंत्राने तोडता येईल असे, आणि बोरिआलिसचे मऊ, ते हातानेच तोडावे लागते; शीतपेटीसाठी मला टंड्रा बरे वाटते आणि झाडाजवळ उभ्याने खायला बोरिआलिस. पिकलेले फळ थोड्या धक्क्यानेही गळते, म्हणून उलटी छत्री फांदीखाली धरून फांदी हलवणे ही सर्वांत सोपी तोडणी.

थांबायचे म्हटले की पक्षी आलेच. सीडर वॅक्सविंग थव्याने येतात आणि एका सकाळी झुडूप रिकामे करून जातात, रॉबिन निदान एकेकटे येतात. जाळी फळ निळे होण्याआधी लावावी. ती झुडपावर नुसती टाकली तर पक्षी बाहेरून चोच घालून खातात, म्हणून लाकडी चौकट करावी लागली, आणि चौकटीचा खर्च रोपांच्या किमतीपेक्षा जास्त झाला. जाळीचे विणकाम बारीक असावे, मोठ्या छिद्रांत पक्ष्यांचे पाय अडकतात. फळे संपली की जाळी उतरवायची. तशीच ठेवली तर बर्फ साचून त्याच्या भाराने फांद्या मोडतात.

जुलैनंतर झुडूप दिसायला वाईट होते. पानांच्या कडा उन्हाने करपतात, काही पानांवर भुरी धरते, आणि ऑगस्टमध्ये ते रोगट वाटते. शेजाऱ्यांनी फवारणी सुचवली होती. मी काही फवारले नाही, आणि पुढच्या वसंतात कोवळी पाने नेहमीसारखीच आली. मुळे उथळ असल्यामुळे लाकडाच्या भुशाचे आच्छादन आणि उन्हाळ्यातले पाणी एवढेच लक्षात ठेवावे लागते. पहिली काही वर्षे छाटणी नको. नंतर हिवाळा संपता-संपता सर्वांत जुन्या फांद्या बुडातून काढल्या की नवे फुटवे येतात. कीड जवळजवळ नाहीच.

बोरिअल ब्यूटी हे उशिरा पिकणारे वाण लावून हंगाम लांबवावा असे मनात होते. त्याची फुले माझ्या ऑरोराच्या फुलांनंतर उमलतात, म्हणून त्यासाठी बोरिअल बीस्ट हे त्याच सुमारास फुलणारे वाण वेगळे घ्यावे लागेल. म्हणजे पुन्हा दोन रोपे, पुन्हा जोडी, आणि आणखी एक चौकट. त्या रोपवाटिकेत यंदाही ‘दुसरे वाण जवळ लावावे’ हेच लेबल लटकत होते. बोरिअल जोडीचा विचार मी तूर्त सोडून दिला आहे आणि त्या पैशांत जुन्या चौकटीसाठी चांगली जाळी आणणार आहे.