मापाचा स्प्लिंट: शिवणकाम करणाऱ्या बाईचं मत

मार्चपासून गणवेशाच्या ऑर्डरी सुरू होतात, सोलापुरात हा सीझनच. त्यातच उजव्या अंगठ्याच्या मुळाशी शीर सुजली, कात्री धरवेना. मेडिकलमधला तयार पट्टा मनगटाला घट्ट, अंगठ्याला ढिला. फ्री साइज म्हणजे कुणाच्याच मापाचा नाही. शेवटी थेरपिस्टबाईंकडून मापाचा स्प्लिंट, म्हणजे अंगठा हलू न देणारा कडक आधार, करून घेतला. चौपट पैसे गेले, पण वसूल.

त्यांनी हात कागदावर ठेवून पॅटर्न काढला, पांढऱ्या प्लास्टिकच्या शीटवर उतरवून कापला आणि तुकडा ६५-७० अंशांच्या पाण्यात सोडला. मिनिटभरात पांढरेपणा जाऊन तो आरपार दिसायला लागला, पार लुळा पडला. पुसून हातावर बसवला. ऊन लागतो, भाजत नाही. पुन्हा पांढरा झाला की आकार धरला समजायचं. बेचक्यात कड काचत होती, ती गरम करून त्यांनी कॉलरसारखी बाहेर वळवली.

सूज उतरल्यावर स्प्लिंट सैल झाला, तर बाईंनी तोच परत गरम पाण्यात टाकला. अंगठ्याची नळी आपणहून उलगडली आणि पहिल्यासारखा सपाट तुकडा हातात आला! नव्याने बसवून दिला. आमच्या धंद्यात एकदा कापड कापलं की गेलं, म्हणून मला याचंच जास्त कौतुक.

पॉलिमर केमिस्ट्री शिकणारी भाची म्हणाली, अशा बऱ्याच शीट पॉलिकॅप्रोलॅक्टोन नावाच्या प्लास्टिकच्या असतात. हेच शरीरात ठेवलं तर हळूहळू विरतं, पण दोन वर्षांहून जास्त वेळ घेतं. २००२ साली लेंडलाइन आणि लँगर या शास्त्रज्ञांनी त्याला पॉलिडायऑक्सानोन या दुसऱ्या विरणाऱ्या पॉलिमरची जोड देऊन टाक्याचा धागा केला, तोही ऊब लागली की आधीच्या आकारात परततो. सैल गाठ मारायची, ४० अंशांची ऊब मिळाली की २० सेकंदांत ती स्वतःच आवळते, पुढे धागा अंगातच विरतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनात गाठ ओढायला जागा नसते, त्यासाठी हा उद्योग. मला गंमत वाटली ती टेन्शनची: जास्त आवळलं तर तिथलं मांस मरतं, कमी पडलं तर जखम उघडी. ते आधी धागा किती ताणून ठेवला यावर ठरवतात म्हणे.

तक्रारी? वेल्क्रोत धाग्याचे तुकडे अडकतात, आत घाम येतो. सुती मोजा घालाच. उन्हातल्या गाडीत, इस्त्रीच्या टेबलावर ठेवायचा नाही. धुवायला गारच पाणी. मे महिन्यात टाकीच्या पाण्यात मी आधी हात घालून बघते. आणि वेल्क्रोची जादा जोडी तेव्हाच मागून घ्या.