मीटलोफपायी घेतलेला थर्मामीटर : सात महिन्यांनी एका स्टारचे चार

आधी कबुली. फेब्रुवारीत स्वयंपाकाच्या याच थर्मामीटरला मी एक स्टार दिला होता आणि खाली 'शुद्ध फसवणूक' असंही लिहून आलो होतो. ते शब्द मागे घेतो. पाचवा स्टार मात्र देणार नाही. का, ते पुढे येईलच.

वस्तू तुमच्या माहितीतली आहे. पेनासारखा आकार, पुढे स्टीलची सुई, मागे छोटा स्क्रीन. पाचशेच्या आतबाहेर पडतो. मी घेतला तो मुलीच्या मीटलोफच्या हट्टापायी. खिमा, अंडी, दुधात भिजवलेला ब्रेड, परतलेला कांदा, आलं-लसूण, मिरी असं सगळं मळायचं, लांबट टिनमध्ये दाबायचं आणि ओटीजीत भाजायचं. बायकोने टिनमध्ये डोकावून निकाल दिला, "हा कोथिंबीरवडीचा उंडाच की. फक्त उकडायचा विसरलात."

पहिल्या वेळी कृतीत लिहिलेलं 'एक तास' मी प्रमाण मानलं. कापला तर मधोमध गार, गुलाबी लगदा. परत आत. वीस मिनिटांनी परत कापला. असं चारदा केल्यावर रस सगळा टिनमध्ये आणि ताटात भुसा. पुढच्या वेळी धसका घेऊन पावणेदोन तास ठेवला, तर वीट. मटण आठशेच्या घरात गेलंय. नाशकात भद्रकालीतल्या आमच्या खाटकाला गोड बोलून, थोडी चरबी घालून, मशीनमधून दोनदा काढून आणलेला खिमा तो. जीव जळला हो.

बरं, थोडा कच्चा राहिला तर राहू दे, असंही खिम्याच्या बाबतीत चालत नाही. अख्ख्या तुकड्यावर जंतू असतात ते मुख्यतः बाहेरच्या अंगाला, आणि आच तिथेच आधी लागते. खिमा काढताना ते बाहेरचं अंग आत मिसळून जातं. म्हणून लोफच्या अगदी मध्यभागी ७१ डिग्री सेल्सियस व्हायलाच हवेत, आणि चिकन खिमा मिसळला असेल तर ७४. हे बोटाने दाबून कळत नाही. म्हणून थर्मामीटर.

आता भांडणाकडे येतो. मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीत आहे, वीस वर्षं झाली. नवीन गेज, म्हणजे मापाचं उपकरण, हातात आलं की आधी तपासायचं, मग वापरायचं. पाणी खळाखळा उकळलं, सुई बुडवली. ९८.१. परत उकळलं. ९८. म्हटलं, उकळत्या पाण्यात ज्याला दोन डिग्री कमी दिसतात, त्याच्या ७१ वर माझ्या लेकीने खिमा खायचा? कंपनीला फोन लावला. आठ दिवसांनी बदली नग आला. तोही ९८. मग मात्र माझी सटकली. ईमेलवर ईमेल. त्यांचं उत्तर काय, तर "सर, पाणी पूर्ण उकळलं नसेल." पन्नाशीला आलेल्या माणसाला पाणी उकळलेलं कळत नाही! त्याच रात्री तो एक स्टार दिला.

खरं तर बर्फाच्या पाण्यात दोन्ही नग ०.१ दाखवत होते, म्हणजे जवळजवळ बरोबर शून्य. तिथेच ट्यूब पेटायला हवी होती. पण राग डोक्यात गेला की माणूस आपल्या सोयीचं तेवढंच मोजतो.

मेमध्ये बहिणीकडे डोंबिवलीला साखरपुडा होता. थर्मामीटर बॅगेत टाकला. बायको म्हणाली, "नवऱ्या मुलाला ताप आहे का बघणार आहात?" सकाळी बहिणीच्या गॅसवर पातेलं ठेवलं, सुई बुडवली. ९९.९. बहीण मागे उभी, "दादा, त्यातच चहा टाकू का?"

डोंबिवली जवळजवळ समुद्रसपाटीलाच. नाशिक मात्र समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरला थोडं कमी, इतक्या उंचीवर आहे. दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक डिग्री खाली येतो. म्हणजे आमच्याकडे पाणी ९८ लाच उकळतं, कसाऱ्याचा घाट चढतानाच दोन डिग्री मागे पडलेल्या असतात. कारखान्यात कुठल्याही मापाचा कागद हातात घेतला की मी आधी ते माप किती तापमानाला घेतलंय ते बघतो, आणि घरी हे सुचू नये! कंपनीला माफीचा ईमेल केला. उत्तर आलं, "आपल्या फीडबॅकबद्दल धन्यवाद." वाचलं तरी का, कोण जाणे.

तर नाशिककर हो, ९८ दिसले तर नग चांगला आहे. परत पाठवू नका.

त्यानंतरचे लोफ खरंच उत्तम झाले. किलोभर खिम्याला माझ्या ओटीजीत १८० वर सत्तर मिनिटं लागतात, तुमच्यात पाचदहा इकडेतिकडे. सुई वरून न खुपसता लांबीच्या टोकाकडून आत घाला, टोक बरोबर मधोमध यायला हवं. टिनला टेकलं की खोटा आकडा चढतो. आणि हा पेन ओटीजीत ठेवून दार लावू नका, प्लास्टिक आहे. ७१ झाले की बाहेर काढून दहा मिनिटं हात लावायचा नाही. आतली उष्णता आतच फिरून आकडा आपोआप दोनतीन डिग्री वर जातो, आणि कापताना रस वाहून जात नाही.

रंगाचं सांगतो. एकदा ७४ दिसत असूनही काप आतून गुलाबी निघाला. मुलगी ताट सरकवून बसली. सुई तीन ठिकाणी घातली, तिन्हीकडे ७४ च्या वर. दोषी निघाला आपला लासलगावचा कांदा. कांद्यात मुळातच नायट्रेट असतं, त्याने शिजलेलं मांसही गुलाबी राहू शकतं. उलटही होतं, ७१ च्या आधीच खिमा तपकिरी पडतो. म्हणून आमच्याकडे आता रंगावर चर्चा बंद आहे.

आता कापलेला स्टार. गटारीला मेहुणा सहकुटुंब जेवायला. मोठा लोफ, सव्वा किलोचा. पन्नासाव्या मिनिटाला सुई घातली, ५८. पाच मिनिटांनी ५८. परत ५८. म्हटलं, खिमा जास्त आहे, वेळ घेणारच. पाहुण्यांना शेंगदाण्यांवर बसवून अर्धा तास मी तो ५८ बघत होतो. शेवटी बायको म्हणाली, "अहो, कोपऱ्यात तो एच कसला आहे?"

होल्ड. आकडा गोठवून ठेवायचं बटण, आणि ते बरोबर चालू करायच्या बटणाला चिकटून, जिथे अंगठा टेकतो तिथे. बटण सोडलं, सुई घातली, आकडा ८६. सव्वा किलो मटणाचा चोथा झाला. मेहुण्याने रश्श्यात बुडवून खाल्ला आणि छान झालाय म्हणाला, ते जास्त लागलं. ज्याला कोणाला हे बटण तिथे सुचलं, त्याने हजार रुपयांचं मटण स्वतःच्या खिशातून आणून एकदा वापरून बघावं. मी त्यावर चिकटपट्टी लावली आहे.

परवा श्रावणानंतर पहिल्यांदा बाहेर काढला तर स्क्रीन कोरा. सेल गेलेला. तो कंपनीकडून मागवू नका, डिलिव्हरीचेच जास्त होतात. एलआर ४४ नावाचा साधा बटणसेल आहे, मेन रोडला घड्याळवाल्याकडे वीस रुपयांत मिळाला, आणि त्यानेच बसवूनही दिला.